शेरा ‘लेथार्जिक’, घरात भाषांतर ‘आळशी’

नमस्कार मॅडम,

माझी मुलगी नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकेने शेरा लिहिलाय : ‘अपिअर्स लेथार्जिक इन क्लास’. माझं शिक्षण मराठीतून झालं, त्यामुळे हा शब्द मला नवीन. यांनी मोबाइलवर अर्थ बघितला तर ‘सुस्त, आळशी, मंद’ असं आलं. झालं! सासूबाई म्हणाल्या, मी कधीची सांगतेय. यांनी तिचा मोबाइल काढून घेतला. पोरगी रात्रभर रडली.

मॅडम, ती आळशी नाही हो. सकाळी साडेपाचला उठते, पावणेसातला व्हॅन येते. दुपारी दोनला घरी, चारला क्लास, आठला परत. मग जेवण, गृहपाठ, प्रोजेक्ट. झोपायला पावणेबारा होतात. आधी कबड्डीच्या टीममध्ये होती, गणपतीपासून तेही सोडलंय. विचारलं तर म्हणते, ‘आई, अंगात त्राणच नाही.’ सकाळी शिंकांचा त्रास होतो म्हणून रात्री सर्दीची गोळी घेते, ती आम्ही मेडिकलमधूनच आणतो. बाकी आजार काही नाही.

मला बाईंना डायरीत इंग्रजीतून लिहायचंय की माझी मुलगी लेथार्जिक नाही. कसं लिहू? लेझी आणि लेथार्जिक यांत फरक काय? आणि मुलीनेच एक प्रश्न विचारायला सांगितलाय : एनर्जी, ॲलर्जी आणि लेथर्जी या तिन्हींचा शेवट सारखा कसा?

– एक आई, नाशिक

ताई,

बाईंना जरूर लिहा, पण ‘माझी मुलगी लेथार्जिक नाही’ असं लिहू नका. तुमच्याच पत्रावरून दिसतंय की ती तशी आहे. ‘अंगात त्राणच नाही’ हे तिचं वाक्य आणि बाईंचा शेरा वेगळे नाहीत. एकीने मराठीत सांगितलं, एकीने इंग्रजीत. घरात वादळ उठलं ते मोबाइलने मध्येच ‘आळशी’ हा तिसरा शब्द आणून टाकला म्हणून.

मोबाइलवरचे कोश अर्थांची माळ लावतात आणि आपण त्यातला सगळ्यात झोंबणारा उचलतो. ‘लेझी’ हा स्वभावावरचा शेरा आहे. करता येतं, पण करायचं नाही, असा त्याचा रोख असतो. ‘लेथार्जिक’ हे अवस्थेचं वर्णन आहे. अंग जड झालंय, डोकं मंद चाललंय, कशालाच हात घालावासा वाटत नाही, आणि बहुतेकदा त्या माणसाला स्वतःलाही ते आवडत नसतं. तुमच्या पत्रात याची छान कसोटी आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. आळशी मूल गृहपाठ टाळतं, कबड्डी टाळत नाही. नावडतं टाळणं हा तर आळसाचा पाया. आवडीच्या गोष्टीला आळशी माणूस बरोबर चपला घालून तयार असतो. तुमच्या मुलीने जे सोडलं ते आवडीचं होतं. अभ्यास, क्लास, प्रोजेक्ट हे नावडतं (असावं, मला नववी आठवते) ती अजून ओढतेच आहे. याला आळस म्हणता येत नाही.

शिवाय बाईंनी ‘इज’ नाही लिहिलं, ‘अपिअर्स’ लिहिलं. म्हणजे ‘आहे’ नाही, ‘दिसते’. प्रगतिपुस्तकं भरताना पन्नास-साठ मुलांमागे हात यांत्रिकपणे चालतो, ‘कॅन डू बेटर’ लिहून पुढचं पान उलटलं जातं. मी स्वतः वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे हे आतल्या गोटातलं सांगते. ज्या बाई थांबून ‘मरगळलेली दिसते’ असं लिहितात, त्यांनी मुलीकडे पाहिलेलं असतं. मी त्या शेऱ्याचं भाषांतर असंच करीन : ‘वर्गात मरगळलेली दिसते.’ हेच मराठीत लिहून आलं असतं तर सासूबाई ‘मी कधीची सांगतेय’ म्हणाल्या असत्या का? माझा अंदाज, त्यांनी आधी दृष्ट काढली असती आणि दुसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू वळायला घेतले असते.

मराठीत या एका शब्दाच्या जागी आपल्याकडे बरेच आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. पुरणपोळी हाणल्यावर दुपारी येते ती सुस्ती, तिच्यात सुख असतं. रविवारी सकाळी आठ वाजले तरी पांघरूण सोडवत नाही तो आळस. तापात माणूस हाकेला नीट ओ देत नाही ती ग्लानी. खेळतं मूल मान टाकून मांडीवर पडून राहिलं की आजी म्हणते, पोर मलूल झालंय. आणि दिवसेंदिवस उतरत नाही, झोपून उठलं तरी अंगावरच असते, ती मरगळ. इंग्रजी ‘लेथर्जी’ सुस्तीपासून ग्लानीपर्यंत कुठेही बसू शकते. म्हणून तो शब्द कोणाबद्दल आणि कोणी वापरला हे पाहिल्याशिवाय त्याचा मराठी जोडीदार निवडू नये. बोलताना आपण हे सगळे शब्द बाजूला ठेवून सरसकट ‘वीकनेस आलाय’ म्हणतो, ते वेगळं. डॉक्टरांना त्या ‘वीकनेस’मधून काही म्हणजे काही कळत नाही, आणि ते सलाईन मागणाऱ्या पेशंटला सलाईन लावून मोकळे होतात.

शब्दात दोष देण्याची छटा नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. तो माणसाच्या शरीरावरून उठून एखाद्या खात्यावर जाऊन बसला की सरळ दोषारोप होतो. सरकारी विभाग मुदत उलटल्यावर अपील घेऊन येतात आणि उशीर माफ करा म्हणून अर्ज करतात, तेव्हा आपली न्यायालयं ‘लेथर्जी’ हा शब्द हमखास काढतात. तिथे त्याचा अर्थ ढिलाई, बेपर्वाई. ते योग्यच, खात्याचं हिमोग्लोबिन कमी असण्याचा प्रश्न नसतो. शेअर बाजाराच्या बातम्यांत ‘लेथार्जिक’ म्हणजे नुसता थंड. माणसाबद्दल बोलताना जागाही महत्त्वाची. ‘फील्स लेथार्जिक’, ‘अपिअर्स लेथार्जिक’ ही आजची अवस्था झाली. ‘अ लेथार्जिक पर्सन’ म्हटलं की तो कायमचा गुणधर्म वाटू लागतो आणि ‘आळशी’च्या अगदी शेजारी जाऊन उभा राहतो. बाईंनी पहिल्या पद्धतीने लिहिलं आहे.

त्यांनी ‘लॅकडेझिकल’ लिहिलं असतं तर मात्र तुम्ही रागावला असता ते बरोबर होतं. त्या शब्दात वेळकाढूपणा आहे, ‘चलता है’ आहे. ‘लिस्टलेस’ लिहिलं असतं तर मी तुम्हाला जास्त काळजी करायला सांगितलं असतं, कारण त्यात ओढच संपल्याचा भाव आहे. त्यातल्या ‘लिस्ट’चा आणि यादीचा काही संबंध नाही, जुन्या इंग्रजीत ‘लिस्ट’ म्हणजे इच्छा, म्हणून लिस्टलेस म्हणजे ज्याला काही हवंसंच वाटत नाही तो. ‘ड्राउझी’ म्हणजे पेंगुळलेला. तो झोपला की बरा होतो. ‘टायर्ड’ माणूस बसला, चहा घेतला की पुन्हा उभा राहतो.

आता थोडं वाकडं वळण घेते, कारण हे सदर तान्ह्या मुलांच्या आयाही वाचतात. लहान बाळाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘लेथार्जिक’ लिहिलं असेल तर वर मी जे शब्दांचे लाड केले ते सगळे विसरा. मुळात हा शब्द वैद्यकातलाच. प्राचीन ग्रीक वैद्य ज्या तापात रोगी झोपेत बुडत जातो आणि त्याला कशाचीच शुद्ध राहत नाही, त्या तापाला हे नाव देत. १९१७ मध्ये व्हिएन्नातल्या कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरने मेंदूच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. माणसं आठवडेच्या आठवडे झोपेत राहत, काही वाचली ती पुढे वर्षानुवर्षं पुतळ्यासारखी बसून राहिली. त्याचं नाव ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’. ती साथ १९२० च्या दशकात जगभर फिरून गेली आणि तिचं कारण आजही पक्कं ठरलेलं नाही. हे ऐतिहासिक झालं. रोजच्या उपयोगाचं असं की पाच वर्षांखालच्या आजारी मुलांना तपासण्याची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने आखली, जी आपल्याकडे आरोग्य केंद्रांतही शिकवतात, तिच्यात चार सर्वसाधारण धोक्याच्या खुणा आहेत : मूल पिऊ किंवा अंगावर ओढू शकत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं, झटके आलेत, आणि मूल लेथार्जिक किंवा बेशुद्ध आहे. जागं असायला हवं तेव्हा ते गुंगीत असतं, आईकडे पाहत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, आजूबाजूला काय चाललंय याच्याशी त्याला घेणं नसतं, नुसतं शून्यात बघतं. जुलाब होणाऱ्या बाळाचे डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांहून जास्त वेळ जागेवर जात नाही आणि त्यात ते असं मलूल, म्हणजे शरीरातलं पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत गेलंय. ते पिऊ शकत असेल तर वाटेत ओआरएस पाजत राहा, पण वाट धरा ती दवाखान्याचीच. सकाळपर्यंत थांबू नका.

तुमच्या मुलीबाबत इतकी घाई नाही. पण शेरा गिळून गप्प बसण्यासारखंही नाही.

पहिली गोष्ट तुमच्याच पत्रातल्या आकड्यांची. पावणेबारा ते साडेपाच म्हणजे पावणेसहा तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेच्या तज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे रोज किमान सव्वादोन तासांची उधारी. रविवारी ती दुपारपर्यंत झोपते का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण झोपत असेल तर सासूबाई त्याचाही पुरावा म्हणून उपयोग करत असतील. तो उधारी फेडण्याचा प्रयत्न आहे. त्यातही वयात येताना शरीरातलं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं संप्रेरक उशिरा स्रवतं. म्हणून या वयाची मुलं ‘दहाला झोप’ म्हटलं तरी छताकडे बघत पडतात आणि पहाटे हलवून उठवावी लागतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांच्या झोपेचं कारण देऊन. चांगलं झालं. पण शरीराचं घड्याळ उशिरा चालतं ते आठवी-नववी-दहावीच्या मुलांचं, आणि त्यांना आपण पावणेसातच्या व्हॅनमध्ये कोंबतो. हे एकट्या तुम्हाला बदलता येणार नाही, क्लास मात्र तुमच्या हातात आहे. चार ते आठ, चार तास कोणता क्लास असतो हो नववीला? एखादा विषय कमी करून ती सातला घरी आली आणि साडेदहाला अंथरुणावर पडली तरी सात तास होतात. मोबाइल काढून घेतलाय तो रात्रीपुरता घरातल्या सगळ्यांचाच हॉलमध्ये ठेवा, यांचाही. एकटीचा काढला की ती शिक्षा होते.

दुसरी गोष्ट सर्दीची गोळी. तुम्ही ती जाता जाता सांगितलीत आणि लगेच ‘बाकी आजार काही नाही’ म्हणालात. मला मात्र ती सगळ्यात आधी दिसली. गोळीचं पाकीट घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोरफेनिरामीन असं काही लिहिलं असेल तर ते जुन्या पिढीतलं औषध आहे, त्याने चांगलीच गुंगी येते आणि ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये ते सर्रास असतं. सेटिरिझीनने गुंगी त्यामानाने कमी येते, पण काहींना त्यानेही सकाळी डोकं जड वाटतं. कमी गुंगी आणणारी औषधं आहेत, पण ती मेडिकलवाल्या दादांना विचारून बदलायची नाहीत. कितीतरी दिवस रोज गोळी लागत असेल तर ती सर्दी नाही, ॲलर्जी आहे, आणि तिचा नीट इलाज डॉक्टरांकडे होतो. नाक चोंदून रात्री तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर जी पावणेसहा तासांची झोप मिळते तीही धड नाही. हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तिसरी गोष्ट रक्ताची. वयात आलेली मुलगी, पाळी सुरू झालेली, जेवायला वेळ नाही, डब्यातली भाजी तशीच परत : मराठी घरातलं हे इतकं ओळखीचं चित्र आहे की आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त! म्हणजे कोणत्याही नववी-दहावीच्या वर्गात कितीतरी ‘आळशी’ मुली बसलेल्या असतील. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती याचसाठी. खासगी शाळेतल्या मुली बरेचदा त्यातून सुटतात. जिना चढताना दम लागतो का, खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते का, खडू, माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो का, पाळीत रक्तस्राव जास्त दिवस जातो का, हे तिला एकटीला बसवून विचारा, वडिलांसमोर नको. तिच्या वयाला हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. बाराच्या जरा वर आलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं, त्यामुळे डॉक्टर कधीकधी फेरिटिन ही वेगळी तपासणी सांगतात. थायरॉइड आणि, तुम्ही शाकाहारी असाल तर, बी-१२ यांचाही विचार तेच करतील. मी डॉक्टर नाही. माझं काम तुम्हाला त्यांच्या दारापर्यंत पोहोचवायचं. सासूबाईंचे अळिवाचे लाडू चालू द्या, अळिवात लोह खरंच चांगलं असतं आणि वर लिंबूपाणी प्यायलं तर ते अंगी लागतं. बीट खाऊ घाला, पण त्याच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

चौथी गोष्ट लिहिताना मी जरा थबकले, पण लिहिते. कबड्डी सोडली ते गणपतीपासून. त्या सुमाराला काही झालं होतं का? टीममधून काढलं, मैत्रीण तुटली, कोणी काही बोललं? मन खचलं तरी अंगातून त्राण जातं, आणि मुलं ‘मला वाईट वाटतंय’ असं क्वचितच म्हणतात; ‘दमले’, ‘पोट दुखतंय’, ‘नको’ असंच म्हणतात. आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं, झोप-भूक बिघडणं, चिडचिड किंवा रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. आईवडिलांनीही फोन केला तर चालतो. आणि त्या रात्री ती रडली त्याबद्दल : यांना म्हणावं, तिला एकदा ‘शब्दाचा अर्थ आम्ही चुकीचा लावला’ एवढं सांगा. ते जड जाईल, बापांना जातंच. तरी सांगायला लावा.

राहिलं डायरीचं. इंग्रजीत लिहायचा अट्टहास कशाला? नाशिकमधल्या शाळेतल्या वर्गशिक्षिका आहेत, त्यांना मराठी येत असणार. आणि नसलं तर मुलगी वाचून दाखवेल. सरळ लिहा : ‘आपला शेरा वाचला. मुलीकडे लक्ष दिल्याबद्दल आभारी आहे. घरीही ती थकलेली असते. आम्ही डॉक्टरांना दाखवत आहोत. तिची मरगळ पहिल्या तासांना जास्त दिसते की दिवसभर सारखी असते, मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर असते का, डबा खाते का, हे कळवलंत तर डॉक्टरांना सांगता येईल.’ पहिल्या दोन तासांना मान टाकते आणि अकरानंतर ठीक असते, असं उत्तर आलं तर संशय झोपेवर आणि गोळीवर जास्त जाईल. दिवसभर सारखीच असेल तर रक्ताकडे आधी बघावं लागेल. मधल्या सुट्टीत एकटी बसते असं आलं तर चौथ्या गोष्टीकडे. एका शेऱ्यातून इतकं निघू शकतं, बाईंशी भांडलात तर त्या पुढच्या वेळी ‘गुड’ लिहून टाकतील.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच वाचायला द्या.

पोरी, प्रश्न फार चांगला विचारलास. तिन्ही शब्दांच्या शेपटीत एकच ग्रीक शब्द आहे : एर्गॉन, म्हणजे काम. एनर्जीमध्ये ‘एन’ म्हणजे आत, जे आत राहून काम करतं ते. ॲलर्जीमध्ये ‘ॲलॉस’ म्हणजे वेगळं. हा शब्द जुना वाटतो, पण तो १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातल्याच बालरोगतज्ज्ञाने घडवला, बाहेरच्या पदार्थावर शरीर जगावेगळं काम करतं म्हणून. लेथर्जीत दोन तुकडे आहेत. पहिला ‘लेथे’, म्हणजे विस्मरण. ग्रीकांच्या पाताळात याच नावाची नदी आहे, तिचं पाणी प्यायलं की मेलेल्यांना आधीचा जन्म आठवत नाही. (लीथल, म्हणजे प्राणघातक, हा शब्द यातून आलेला नाही, तो लॅटिनमधला आहे, स्पेलिंगमध्ये ‘एच’ मात्र या नदीच्या नादाने घुसला.) दुसरा तुकडा ‘आर्गोस’. ‘अ’ आणि ‘एर्गॉन’ मिळून तो झाला, काम नसलेला. हा ‘अ’ आणि आपल्या ‘अशक्त’मधला ‘अ’ लांबचे सख्खे भाऊ आहेत, दोन्ही एकाच मूळ भाषेतून आले. उच्चार करताना नामाला ‘लेथर्जी’, जोर ‘ले’वर, विशेषणाला ‘लेथार्जिक’, जोर ‘था’वर.

आणि हो, याच ‘आर्गोस’वरून विज्ञानात खरोखरच एकाला ‘आळशी’ हे नाव अधिकृतपणे मिळालेलं आहे. १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमसे यांना हवेत एक असा वायू सापडला जो कशाशीच अभिक्रिया करेना. त्याचं नाव त्यांनी ठेवलं आरगॉन. हवेत तो शंभरात जवळजवळ एक भाग असतो. तो असा का, याचं उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हतं, ते इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर पुढे मिळालं : बाहेरच्या कवचात आठही इलेक्ट्रॉन भरलेले, त्यामुळे कोणाकडून घ्यायचं नाही की कोणाला द्यायचं नाही. संयुजेचा धडा झाला असेल तर हे तुला माहीतच असेल.